जेवल्यावर दुखतं का?

"त्यांना जेवल्यावर दुखतच नाही, सर. म्हणून ट्रायलमध्ये घेता येत नाहीये."

मेहुल तांडेलने मोबाइल कानापासून लांब धरला, त्याच्याकडे एकदा डोळे वटारून बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. "कोणाला दुखत नाही?"

"तुमच्या आईंना. काशीबाई तांडेल, नवापूर. बरोबर ना? आम्ही रोज दुपारी फोन करून विचारत होतो. रोज त्या नाही म्हणाल्या."

"अहो मॅडम, माझी आई वर्षभरात निम्मी झाली! हातातली बांगडी कोपरापर्यंत चढते तिची. आणि दुखत नाही म्हणता?"

तारापूर एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीच्या गेटबाहेर शिफ्ट सुटल्याची गर्दी होती. चहाच्या टपरीवरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. "क्या हुआ, मेहुलभाई?" एकाने विचारलं. मेहुलने त्याला नुसता हात दाखवला.

"मी समजू शकते, सर," ट्रायलचे फोन करणारी दिशा मॅडम म्हणाली.

या वाक्याचा मेहुलला मनस्वी राग होता. वर्षभर दवाखान्यांचे उंबरे झिजवून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की जो माणूस 'समजू शकतो' म्हणतो त्याला काडीचं समजलेलं नसतं. बोईसरच्या डॉक्टरलाही असंच समजलं होतं. ॲसिडिटी आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. पालघरच्या डॉक्टरला गॅस समजला. गावातल्या भगताला नजर समजली आणि तो एक कोंबडा घेऊन गेला. तिसऱ्या डॉक्टरने तर कहर केला. आजार मनाचा आहे म्हणाला, सुनेशी पटतं का ते विचारा म्हणाला. बिचारी रिद्धी घरी येऊन ढसाढसा रडली. सासूसाठी मऊ पेज करून करून त्या पोरीच्या हाताला फोड आले होते, आणि हा शहाणा विचारतो पटतं का!

आणि काशीबाई म्हणजे काय आजाराचं सोंग घेऊन बसणारी बाई होती होय? उभा जन्म बोईसरच्या बाजारात म्हावऱ्याची पाटी मांडून बसली. नवरा जानू गेला तरी पाटी सुटली नाही. आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला भाव सांगितला तर दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक पिशवी उघडायचं. दुपारी घरी आली की ताटभर भात नि कालवण, आणि वर विचारणार, अजून आहे का गो? ती बाई जेवण झालं की पोट धरून भिंतीला टेकायला लागली. घामाने चिंब व्हायची. तासाभराने पुन्हा माणसात यायची. मग हळूहळू तिने ताटच जवळ करायचं सोडलं.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात खरं काय ते निघालं. आतड्यांना रक्त नेणाऱ्या नसा आतून भरत आल्या होत्या. "हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते ना," डॉक्टर म्हणाले, "तसंच हे. पोटात अन्न पडलं की आतड्यांना काम लागतं, रक्त जास्त लागतं, आणि रक्ताला वाटच नाही." आत तार घालून नस फुगवायचा प्रयत्न केला, पण नस चुन्यासारखी कडक झालेली, तार शिरेना. पोट उघडून नवी नस जोडावी तर हृदय अशक्त, भूल सोसणार नाही. थोडक्यात काय, डॉक्टरांनी हात टेकले.

आणि मग ते म्हणाले की एक औषध आहे, अजून दुकानात न आलेलं. पेप्टाइड म्हणतात. बंद नसेच्या आजूबाजूच्या बारीक नसा मोकळ्या होतात, असं उंदरांवर दिसलंय. माणसांवर आता कुठे बघतायत. घेईल का तुमची आई?

मेहुलने आईला तिच्या भाषेत समजावलं. "खाडीचं तोंड गाळानं भरलं, की होड्या बाजूच्या फाट्यातून काढतो ना आपण? तसं हाय ते."

"नि उंदराला बरं वाटलं?" काशीबाईने विचारलं.

"वाटलं म्हणतात."

"उंदरानं सांगितलं व्हय?"

डॉक्टरसुद्धा हसले. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी त्या दिवशी मेहुलला एकट्याला सांगितली होती. निम्म्या लोकांना औषध मिळणार आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही कळणार नाही. एवढं एक मेहुलने आईला सांगितलं नाही. म्हटलं, आधीच ही बया उंदरावरून आडवी चाललीय, पाण्याचं ऐकलं तर उठून घरी जाईल. पुढे सही करायच्या वेळी बघू.

आणि आता सही राहिली बाजूला, दारातूनच परत पाठवत होते.

"मॅडम, ती लपवत असेल. म्हातारी माणसं लपवतात."

"सर, पेशंट जे सांगेल तेच आम्हाला धरावं लागतं. सॉरी."

फोन कट झाला. मेहुलने बाइकला अशी किक मारली, की ती बिचारी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

सालवड मागे पडलं, कंपन्यांचा उग्र वास मागे पडला, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सुरू झाला, तरी त्याचं डोकं काही शांत होईना. काशीबाई ओट्यावर बसून सुकट निवडत होती. मेहुलने हेल्मेट डोक्यावरून काढायच्या आधीच सुरुवात केली.

"आये, तू त्या बाईला काय सांगितलंस?"

"कोनत्या?"

"रोज फोन करते त्या! दुखत नाही सांगितलंस?"

"जेवल्यावर दुकते का इचारते ती. मी बोलले, नाय."

"का खोटं बोललीस?"

काशीबाईचा हात थांबला. "काय बोललास?"

"खोटं बोललीस! सगळं घर तुझ्यापायी धावतंय, मी रजा टाकून टाकून साहेबाच्या शिव्या खातोय, आणि तू फोनवर नाही, नाही करत बसलीस? कशाला? लाज वाटते दुखणं सांगायला?"

रिद्धी आतून धावत आली. "अहो, हळू. आजूबाजूला ऐकू जातंय."

"जाऊ दे! सगळ्या गावाला कळू दे!"

काशीबाई उठली. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला, पण उठली. "मेहुल, आख्ख्या जन्मात मी शिळं म्हावरं ताजं सांगून इकलं नाय. मी खोटं बोलले नाय." आणि आत जाऊन तिने जी पाठ फिरवली, ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. रिद्धीशीसुद्धा नाही. मेहुलशी तर त्यानंतरही नाही.

कंपनीत नीलेश होता, पॅकिंगचा. जिवाभावाचा दोस्त, पण डोकं जरा अर्धवट. मेहुलचा चेहरा बघून त्याने सगळं काढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी खिशातून एक छोटी बाटली काढून मेहुलच्या हातात ठेवली. तळाला चिमूटभर पांढरी पावडर. "हेच ते पेप्टाइड. ऑनलाइन मिळतं. पाण्यात मिसळायचं, टोचायचं. कशाला पाहिजे तुला ट्रायल नि बियल?"

मेहुलने बाटली उजेडात धरली. त्याच्याच कंपनीत असल्या पावडरी बाटल्यांत बसत होत्या, दुसऱ्या कुठल्या तरी औषधाच्या. सुकवणीच्या मशीनवर तो स्वतः उभा असायचा. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांसाठी नाही.

"कोणी बनवलंय?"

"ते काय माहीत नाय. पण रेटिंग चांगलं हाय."

"रेटिंग? मोबाइलचं कव्हर आहे का हे?"

तरी त्याने बाटली खिशात घातली. माणूस वैतागला की काय काय करतो. घरी नेऊन रिद्धीला दाखवली. रिद्धीने ती वाचली, त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "टोचा. पण आधी स्वतःला टोचून घ्या माझ्यासमोर. मग आईंना." दुसऱ्या दिवशी बाटली नीलेशला परत गेली.

मग एका सकाळी शेजारची इंदुबाई आली. वाटीत गरम गरम जवळ्याची चटणी घेऊन. मेहुल फर्स्ट शिफ्टला उशीर झाल्यामुळे आधीच चिडलेला, दाराशी बसून बूट घालत होता.

"काशे, जेवलीस काल?" इंदुबाईने विचारलं. तिकडे असंच विचारतात, कशी आहेस म्हणून नाही.

"कसली जेवते गो," काशीबाई म्हणाली. "पाडव्यापासून भाताला हात नाय लावला. पेज पिते घोटभर, नि चहात बुडवून बटर खाते."

"दुकते आजून?"

"जेवले तं दुकेल ना! जेवतच नाय, तं दुकेल कुठून?"

मेहुलचा एक बूट पायात, एक हातात. तो तसाच राहिला. मग त्याने हातातल्या बुटानेच कपाळावर मारून घेतलं.

"आये! म्हणून तू त्या बाईला नाही सांगत होतीस?"

"ती इचारते, जेवल्यावर दुकते का. मी जेवलेच नाय, तं काय सांगू? ना भात, ना कालवन. पेज काय जेवन हाय?"

"आणि पेज प्यायल्यावर? तेव्हा काय होतं?"

"थोडी कळ येते. पन ते तिनं इचारलंच नाय!"

इंदुबाईला काही कळेना, हसावं की निघावं. मेहुलला मात्र सगळं कळलं, आणि कळलं म्हणून त्याला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. मुंबईची शिकलेली पोरगी विचारते जेवल्यावर, तिच्या लेखी पोटात काहीही गेलं की ते जेवण. इथे किनाऱ्यावर भात पानात पडल्याशिवाय जेवण होत नाही. माणूस दहा भाकऱ्या खाऊन उठला तरी म्हणतो, जेवलो नाय अजून. एवढीशी गोष्ट. घरात जन्मलेल्या मुलाच्यासुद्धा ध्यानात आली नाही, आणि त्याने आईला खोटारडी ठरवलं.

"आये, चुकलो," तो म्हणाला.

"बूट घाल. कंपनीत जा," काशीबाई म्हणाली. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली.

दिशा मॅडमने फोनवर सगळं ऐकून घेतलं. पोरगी वाईट नव्हती, हे कबूल करायला पाहिजे. "अरे देवा," ती मनापासून म्हणाली. "हे आमच्या लक्षातच आलं नाही."

"मग आता नीट विचारा. पोटात काही गेल्यावर दुखतं का, असं विचारा."

"प्रश्न बदलता येत नाही, सर. शब्द ठरलेले आहेत, कमिटीने मंजूर केलेत. सगळ्या पेशंटना तोच प्रश्न जातो."

"अहो, प्रश्नच चुकीचा आहे!"

"हो, पण मंजूर आहे."

मेहुलने डोळे मिटले. बाजूला भिंत होती, तिच्यावर डोकं आपटावं असं त्याला फार वाटलं.

"एक करता येईल," ती म्हणाली. "मी डॉक्टरांशी बोलले तर पुन्हा तपासणी होऊ शकते. आईंना इथे आणा. आमच्यासमोर पूर्ण जेवण जेवू दे. दुखलं, तर त्याची नोंद होईल आणि त्या बसतील ट्रायलमध्ये."

"म्हणजे तिला दुखावं म्हणून जेवायला घालायचं?"

"हो," ती म्हणाली. या वेळी समजू शकते म्हणाली नाही.

गावातल्या रूपेशची ईको गाडी ठरवली. चिल्हार फाट्याला हायवेला लागेपर्यंत ठीक होतं, पुढे पुलाच्या अलीकडे ट्रकांची जी रांग लागली ती हलेचना. मेहुल खाली उतरून पुढे जाऊन बघून आला, शिव्या घालून आला, पुन्हा गेला. काशीबाई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. रिद्धीने पहाटे उठून भात नि ओल्या बोंबलाचं कालवण केलं होतं. डबा कसला घट्ट लावला तरी वास सुटला होता, आणि काशीबाई मधून मधून झाकणावर बोटं फिरवत होती. मेहुलने ते आरशात बघितलं आणि तो बाहेर बघायला लागला.

हॉस्पिटलात तिला पलंगावर बसवलं, समोर टेबल आणलं. डॉक्टर आले, नर्स आली, दिशा मॅडम आली. चांगली तरुण पोरगी निघाली, केस आवळून बांधलेली. काशीबाईने डबा उघडला. आधी भाताला नुसता हात लावला. मग कालवण ओतलं, कालवलं आणि पहिला घास तोंडात घातल्यावर तिने डोळेच मिटले. कोणाकडे बघितलं नाही. पोराबाळांना घाई असते तशी नाही, सावकाश, एकेक काटा जिभेवर सोडवून बाजूला ठेवत ती जेवली. बोटं चाटली. डब्याच्या कडेला राहिलेलं पुसून घेतलं.

"बोंबील मस्त व्हता," ती म्हणाली. "रिद्धीला सांग."

आणि मग सगळे वाट बघायला लागले.

मेहुल खिडकीशी उभा होता. वेळ जाईना. काशीबाई आरामात बसली होती, नर्सला गाव कुठलं म्हणून विचारत होती. चेहऱ्यावर तुकतुकी आलेली. नाही दुखलं तर? आज नेमकं नाही दुखलं तर? एवढ्या लांब आणून, एवढं सगळं करून, पुन्हा नाही? दुखू दे, तो मनात म्हणाला. देवा, दुखू दे रे तिला. आई एकवीरे, दुखू दे.

काशीबाई बोलता बोलता थांबली. तिचा हात हळूच बेंबीपाशी गेला. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले आणि ती पुढे वाकली.

आली! मेहुलच्या तोंडून शब्द बाहेर पडलाच होता जवळजवळ. आनंदाने त्याची छाती भरून आली, आणि तो आनंद चेहऱ्यावर पोचला त्याच क्षणी आईने मान वर केली.

"हसतोस काय रे, मेल्या?"

मेहुलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो धावत जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. पाठीचे मणके हाताला एकेक लागत होते.

"आजी, दहापैकी किती दुखतंय?" दिशा मॅडमने विचारलं. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"तू बोल पयला," काशीबाई दात आवळत म्हणाली.

"मी नाही, आजी, तुम्ही सांगायचं."

"गिऱ्हाइकानं बोलायचं पयला. तू किती देतेस?"

"आये, हा बाजार नाही!" मेहुल रडकुंडीला आला होता. "खरं काय ते सांग. कमी करू नको."

काशीबाईने श्वास घेतला. "आठ. नाय, नऊ मांड. नऊ."

नर्सने सुई दिली, कळ ओसरली. काशीबाई ट्रायलमध्ये बसली. आणि मग सहीच्या आधी डॉक्टर पलंगाशी खुर्ची घेऊन बसले आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मिठाच्या पाण्याचंसुद्धा.

काशीबाईने मेहुलकडे बघितलं. "तुला ठाव व्हतं?"

मेहुलने मान खाली घातली.

"मिठाचं पानी टोचून घ्यायला मला मुंबयला आनलंस? नवापूरला काय कमी व्हतं रे?"

डॉक्टरांना हसू आवरेना, पण काशीबाई हसली नाही. "ज्यांना पानी, त्यांचं काय?" तिने विचारलं.

"त्यांच्यामुळेच कळतं, आजी, की औषधाने खरंच फरक पडतो की नुसतं तसं वाटतं. म्हणून रोज खरं सांगणं महत्त्वाचं. जेवून, मग दुखलं की नाही ते."

काशीबाईने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग तिने अंगठ्याची शाई मागितली.

सुया घरीच टोचायच्या होत्या. रिद्धी शिकली. काही दिवस गेले आणि मेहुलच्या ध्यानात आलं, की आई पुन्हा पेजेवर आली आहे. ताट मांडलं की म्हणायची, आज मन नाय. दुपारी फोन यायचा, जेवल्यावर दुखतं का, आणि ती सांगायची, जेवले नाय. त्या दिवसाची जागा रिकामी राहायची.

"आये, अशाने कळणार कसं? औषध लागू पडतंय की नाही, कसं कळणार?" मेहुल पुन्हा सुरू झाला. रोज सुरू झाला. "चार घास खा. चार घासांनी काय होतं?"

"तू खा नि दुकवून घे."

"माझ्या हातात असतं तर घेतलं नसतं? सगळं घातलंस पाण्यात!"

"पानीच हाय त्या सुईत!" ती फिस्कारली. "नि पानी आसल तं त्या दिवशीसारखं दुकेल. तुला काय जाते बोलायला? तू हसशील!"

मेहुल मागच्या दारी जाऊन उभा राहिला. बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाऱ्याने हलत होते. त्याला सगळ्यांचा राग आला. उंदरांचा, कमिटीचा, ठरलेल्या शब्दांचा, कुठल्या तरी काँप्युटरने आईच्या वाट्याला औषध टाकलं की पाणी टाकलं ते लपवून ठेवणाऱ्यांचा. आणि स्वतःचा सगळ्यात जास्त. हे काय लावलंय मी? रोज दुपारी आईपुढे ताट ठेवायचं आणि म्हणायचं, दुखवून घे? तिला निदान पेजेवर शांत तरी राहू द्यावं. जितके दिवस आहेत तितके.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तो त्यानेच उचलला.

"मॅडम, माझ्या आईचं नाव काढून टाका."

"का सर? काही त्रास झाला का?"

"त्रास झाल्याशिवाय तुमचं चालतं कुठे? मला नाही जमत. माझी आई आहे ती. रोज तिला कळ यावी म्हणून मी वाट बघत नाही बसणार. नाव काढा. कुठे सही लागेल तिथे देतो."

"सर, आईंशी एकदा बोलू का? त्यांनीच सांगावं लागतं ते."

"ती काय सांगणार? मी सांगतोय ना!"

"दे इकडे," मागून काशीबाई म्हणाली.

ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच तिने हात लांब केला. मेहुलने नाइलाजाने फोन दिला. तिने तो तोंडासमोर धरला आणि जुन्या बाजारच्या आवाजात, फोनची गरजच नसल्यासारखी बोलली.

"गो बाय, ह्याचं आयकू नको. दुकते मला, ह्याला नाय. नाव ऱ्हाऊ दे. तिकडं आजून कोन कोन बाया आसतील, पोट धरून बसलेल्या. मी आशी मुकी बसले तं त्यांना काय कळेल, ह्ये आवशद हाय का पानी हाय? आज जेवले नाय आजून. तू घटकाभरानं फोन कर. जेवते नि सांगते तुला."

तिने फोन खाली ठेवला, पाट ओढला आणि ताट पुढे घेतलं.

"वाढ."

मेहुल भाताचं पातेलं घेऊन आला. त्याने चमचाभर भात ताटात टाकला. काशीबाईने त्या भाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"पोटभर वाढ. चिमनीला घालतोस काय?"

त्याने वाढलं. रिद्धीने कालवण ओतलं. काशीबाईने भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मेहुल समोरच बसून राहिला, पातेलं मांडीवर तसंच. तिच्या कपाळावरून, तिच्या पोटापाशी असलेल्या हातावरून त्याची नजर हलेना. आता देवाकडे काय मागायचं तेही त्याला सुचत नव्हतं.

"माज्या तोंडाकडं काय बगतोस?" ती घास चावत म्हणाली. "तू पन घे वाढून. दुकलं तं सांगेन ना."